पोरांना शिवार वाचता आलं पाहिजे

पहाटे पाचच्या सुमाराला महामार्गाने नशिराबादवरून भुसावळकडे निघा. गाडीच्या उजेडात रस्त्याच्या कडेने पळणारी पोरं दिसतील. पायात झिजलेले बूट, गळ्यात रुमाल आणि मागून ट्रकांची रांग. कोणी पोलीस भरतीची तयारी करतोय, कोणी लष्कराची. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर धावावं लागतं, मुलींना ८०० मीटर. सेकंदा-सेकंदावर गुण जातात. सपाट, सरळ, मोकळी जागा म्हणजे डांबरी रस्ता, म्हणून पोरं रस्त्यावर येतात. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ आता ५३ झाला, दोनाचे चार पदर झाले, गाड्यांचा वेग वाढला. पोरगं घरी परत येईपर्यंत आईचा जीव टांगणीला. हे नशिराबादपुरतंच आहे असं नाही. साकेगाव, पाळधी, एरंडोल, पारोळा, महामार्गालगतच्या कुठल्याही गावात जा, हेच चित्र.

आता दुसरं चित्र पाहा. वाटणीनंतर दोघा भावांत धुऱ्यावरून वाद आहे. मोजणीची फी भरली, नोटिसा निघाल्या, मोजणीदार आला. तो विचारतो, 'तुमच्या गटाची जुनी खूण कुठं आहे? कोपऱ्याचा दगड दाखवा.' शहाणीसुरती, शिकलेली दोन पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. दगड कुठं पुरला हे फक्त आजोबाला ठाऊक होतं आणि आजोबा तर गेला. मोजणीदाराने नकाशा पसरला, बोट ठेवलं, तर पोरांना त्यात आपली विहीर कुठं, नाला कुठं, उत्तर कुठली हेही सांगता येईना. मग जो मोठ्या आवाजात बोलेल त्याचं खरं. असं दृश्य कुठल्या गावात पाहिलं नाही, हे वाचकांनीच आठवून सांगावं.

ही दोन चित्रं वेगवेगळी वाटतात, पण ती एकच आहेत. पायात जोर आहे अशी पोरं गावात आहेत. पण ते पाय ज्या मातीवर वाढले ती माती कागदावर ओळखता येत नाही. आणि ज्यांना ती ओळखता येत होती, ती पिढी एकेक करून उठून चालली आहे. या दोन्ही दुखण्यांवर एक खेळ उपयोगी पडू शकतो. त्याचं नाव परकं आहे, पण त्यातला जीव आपल्या ओळखीचा आहे. त्याला 'ओरिएंटिअरिंग' म्हणतात. आपण त्याला सरळ वाटशोध म्हणू.

खेळ आहे तरी काय?

खेळ अगदी साधा आहे. हातात एक नकाशा आणि एक होकायंत्र. रानात आठ-दहा ठिकाणी निशाणं लावलेली असतात, पांढऱ्या-नारिंगी कापडाची, साधारण फूटभर आकाराची. ती ठिकाणं नकाशावर गोल काढून दाखवलेली असतात, आकडे घातलेले असतात. सुरुवातीला त्रिकोण, शेवटाला गोलात गोल. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी कुठल्या वाटेने जायचं ते कोणी सांगत नाही. नकाशा बघून ज्याने त्याने ठरवायचं. नाल्यातून गेलं तर जवळ पडतं, पण काटेरी झुडपं आहेत. बांधाने गेलं तर लांब पडतं, पण पाय मोकळा. प्रत्येक निशाणाजवळ आपल्या कागदावर खूण उठवायची, सगळी निशाणं क्रमाने घेऊन परत यायचं. जो कमी वेळात आला तो जिंकला. एक जरी निशाण चुकलं तर तो बाद, मग कितीही जोरात पळालेला असो.

म्हणजे इथे नुसती मांडी मजबूत असून भागत नाही. डोकं थंड लागतं. नकाशा न बघता सुसाट सुटलेला गडी पहिल्याच वळणावर चुकतो आणि शांतपणे चालत येणारी पोर त्याच्या पुढे निघून जाते.

याचा उगम उत्तर युरोपातला, स्वीडन-नॉर्वेकडचा. आधी तिथल्या लष्करात हे शिक्षण म्हणून होतं. नॉर्वेत १८९७ साली सर्वसामान्य लोकांसाठी पहिली स्पर्धा झाली. पण खेळाला खरं बाळसं दिलं ते स्वीडनच्या एर्न्स्ट किलँडर नावाच्या मेजरने. हा गृहस्थ बालवीर चळवळीतही होता. तरुण पोरांचा मैदानातल्या धावण्यातला रस आटत चाललाय, हे त्याने पाहिलं. त्याच त्या गोलात किती फेऱ्या मारणार? मग त्याने मैदान सोडून रान धरलं. १९१९ साली स्टॉकहोमजवळ त्याने भरवलेल्या स्पर्धेला दोनशेवर पोरं आली. पुढे १९६१ साली दहा देशांनी मिळून आंतरराष्ट्रीय महासंघ काढला. स्वीडनमध्ये आज शाळेच्या शारीरिक शिक्षणातच हा विषय असतो.

शंभर वर्षांपूर्वी तिथे जे दुखणं होतं, तेच आज आपल्या गावात आहे. फरक इतकाच, की आपल्या पोरांचा मैदानातला रस मोबाईलने आटवला आणि उरलेली पोरं महामार्गाने पळवली.

हे आपल्याला नवं नाही

'हे परदेशी फॅड आपल्याला कशाला?' असं कोणी म्हणेल. त्याला आधी एवढंच सांगू, की आपल्या कुठल्याही खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेली असते. पूर्वेस अमक्याचा गट, पश्चिमेस नाला, दक्षिणेस गाडरस्ता, उत्तरेस तमुक. चार दिशा नीट लिहिल्याशिवाय दस्त होत नाही. म्हणजे दिशा हा आपल्याकडे मालकीचा पुरावा आहे. मग ज्या पोराच्या नावावर ते वावर उद्या होणार, त्याला उत्तर कुठली हे कळायला नको?

आणि दिशा शोधायचं शास्त्र तर आपल्याच जिल्ह्याच्या मातीशी जोडलेलं आहे. चाळीसगावजवळच्या पाटणे इथं १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचं अध्ययन व्हावं म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ काढला, अशी नोंद त्यात आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या सिद्धान्तशिरोमणीत 'त्रिप्रश्न' नावाचं एक प्रकरण आहे. तीन प्रश्न म्हणजे दिशा, स्थान आणि वेळ. मी कुठल्या दिशेला तोंड करून उभा आहे, कुठं आहे आणि किती वाजले? वाटशोधाच्या खेळात पळणाऱ्या पोराला दर पाच मिनिटांनी नेमके हेच तीन प्रश्न पडतात.

होकायंत्र नसलं तरी दिशा काढायची जुनी रीत आजही चालते. सपाट जमिनीवर एक सरळ काठी उभी रोवा. तिच्याभोवती दोरीने गोल काढा. सकाळी काठीच्या सावलीचं टोक गोलाच्या आत शिरतं, तिथे खुंटी ठोका. दुपारनंतर ते टोक गोलाबाहेर पडतं, तिथे दुसरी खुंटी ठोका. दोन खुंट्यांना दोरी लावा. ती रेघ झाली पूर्व-पश्चिम. पहिली खुंटी पश्चिमेची. ही गोष्ट हिवाळ्यात करून बघावी. आपल्याकडे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सावली पायाखाली जाते, हिवाळ्यात मात्र ती सरळ उत्तरेला पडते. चौथीच्या पोरालाही हे जमतं आणि एकदा जमलं की जन्मभर विसरत नाही.

पावलं मोजण्याचंही तेच. एकोणिसाव्या शतकात कुमाऊँच्या नैनसिंग रावत नावाच्या शाळामास्तरने तिबेटात ल्हासापर्यंतची वाट पावलं मोजून नोंदली. त्याच्या हातात जपमाळ होती. मण्यांची संख्या १०८ नव्हे, १०० होती. शंभर पावलांना एक मणी सरकवायचा, २००० पावलांचा मैल. बघणाऱ्याला वाटे, साधू जप करतोय. आपल्या घरातल्या माळकऱ्याला ही युक्ती समजावून सांगायची गरज नाही.

जमिनीच्या मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, असे ४० गुंठे म्हणजे एकर. आपलं पाऊल अडीच फुटाचं धरलं तर गुंठ्याची एक बाजू १३ पावलांची झाली. हे गणित पोरांनी पाटीवर बऱ्याचदा केलं असेल, पण पायाने कितींनी केलं?

नकाशा कोणाच्या हातात?

इथे खानदेशाचा एक जुना अनुभव सांगितला पाहिजे. १८५२ साली इंग्रज सरकारने आपल्याकडे जमिनीची मोजणी सुरू केली, तेव्हा सावदा, फैजपूर, एरंडोल या भागातले शेतकरी हजारोंनी गोळा झाले. मोजणी नको म्हणाले. मोजणी झाली की सारा वाढणार, ही धास्ती होती. सरकारने फौज आणली, पुढाऱ्यांना पकडलं आणि मोजणी झालीच. सारा हे कारण तर होतंच. पण त्या धास्तीच्या मुळाशी आणखी एक गोष्ट होती. कागदावर काय लिहिलं जातंय, कोणती रेघ कुठून ओढली जातेय, हे ज्याची जमीन त्याला कळत नव्हतं. ज्याला नकाशा वाचता येत नाही, तो नकाशाला भितो. आणि भ्यालेल्या माणसाला कोणीही फसवतो.

पावणेदोनशे वर्षं होत आली. आज काय बदललं? १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायद्याने गट पडले, सर्व्हे नंबर गेले. आता मोजणीदार साखळीऐवजी रोव्हर घेऊन येतो. गावठाणावर ड्रोन फिरले. ही गावठाणाची मोजणी २०२० पासून स्वामित्व योजनेखाली देशभर सुरू झाली. गटाचा नकाशा महाभूनकाशाच्या संकेतस्थळावर बघता येतो. ई-पीक पाहणी २०२१ पासून राज्यभर आली, तीत शेतकऱ्याने स्वतः वावरात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आहे. म्हणजे सरकारचा सगळा कारभार नकाशावर आला. रस्ता रुंद करायचा असो, बंधारा बांधायचा असो, नोटीस निघते ती गट नंबर घालून. पण गावातल्या दहा शिकलेल्या पोरांपुढे गावनकाशा पसरा आणि विचारा, 'आपण आता कुठं बसलोय, बोट ठेव.' किती बोटं बरोबर पडतील?

कोणी म्हणेल, 'मोबाईल आहे ना. निळा ठिपका दाखवतो सगळं.' दाखवतो, खरं आहे. पण तो ठिपका तुम्ही कुठं आहात तेवढंच सांगतो. पाणी कुठून येतं, कुठं जातं, उतार कुणीकडे आहे, जुना गाडरस्ता कोणी नांगरून टाकला, हे तो सांगत नाही. बॅटरी संपली की ठिपकाही गेला. शिवाय मोबाईलवरचा नकाशा म्हणजे मोजणी नव्हे. त्यावरून हद्द ठरवायला गेलात तर भांडण वाढेल. मोबाईल जरूर वापरा, पण डोळा आणि पाय तयार झाल्यावर. तो सोबतीला असावा, त्याच्याच भरवशावर राहू नये.

खेळातून गावाचं काम

वाटशोधाचा नकाशा तयार करायचा म्हणजे आधी शिवार पायाखाली घालावं लागतं. पाणलोटाच्या कामासाठी गावोगाव शिवारफेरी निघते, ती आपल्याला माहीत आहे. सरपंच, ग्रामसेवक, कृषी सहायक, चार जाणती माणसं शिवार फिरतात, कुठं बांध घालायचा, कुठं नाला खोल करायचा ते कागदावर घेतात. रांगोळीने गावाचा नकाशा चौकात काढायची रीतही अनेक गावांनी केली आहे. हाच प्रकार पोरांच्या हातात द्यायचा आणि त्याला शर्यतीची गंमत जोडायची, बस्स.

त्यातून काय हाती लागेल ते बघा.

पहिली गोष्ट शिवरस्त्यांची. गावनकाशावर गाडीमार्ग दोन तुटक रेघांनी दाखवलेला असतो, पायमार्ग एका तुटक रेघेने. नकाशावर रस्ता आहे आणि जमिनीवर मका उभा आहे, असं प्रत्येक गावात दोन-चार ठिकाणी निघतं. पावसाळ्यात मागच्या वावरवाल्याला माल बाहेर काढता येत नाही. बैलगाडी अडते, ट्रॅक्टर अडतो, मग डोकी फुटतात. बांधावरून रस्ता मागायचा असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहे, अडवलेला जुना रस्ता मोकळा करायला १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आहे. पण आधी रस्ता कुठून कुठं जातो हे तर गावाला माहीत हवं. पोरांनी खेळता खेळता प्रत्येक गाडीमार्ग चालून काढला, की गावाकडे यादी तयार होते. मात्र एक पथ्य पाळायचं. पोरांनी तिथं हुज्जत घालायची नाही. नोंद करायची आणि ती ग्रामसभेत ठेवायची. हद्द ठरवणं हे भूमी अभिलेख कार्यालयाचं काम आहे, आपलं नाही.

दुसरी गोष्ट विहिरींची. आपल्या शिवारात कठडा नसलेल्या पडीक विहिरी किती आहेत? कोणी मोजल्या? गवत वाढलं की विहीर दिसत नाही, ढोर पडतं, कधी माणूस पडतो. या नकाशावर अशी प्रत्येक विहीर लाल शाईने दाखवली तर तो कागद गावाच्या कायम कामाचा.

तिसरी गोष्ट पाण्याची. वाघूर अजिंठ्याच्या डोंगरातून, लेण्यांच्या पायथ्याहून निघते आणि पुढे तापीला मिळते. आपल्या शिवारातला कुठला नाला तिच्याकडे वळतो, कुठला मध्येच बुजवला गेला, हे नकाशा घेऊन एकदा चाललं की लक्षात राहतं. पुस्तकात 'पाणलोट क्षेत्र' हा शब्द दहा वेळा वाचून जे कळत नाही, ते नाल्याच्या काठाने दोन मैल चालून कळतं.

चौथी गोष्ट मुलींची, आणि ती आम्हाला सगळ्यात मोलाची वाटते. महाराष्ट्राने १९९४ साली आणि नंतर साऱ्या देशाने २००५ साली कायद्यात दुरुस्ती केली. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. सातबारावर नाव लागतं. पण ज्या मुलीला लहानपणी 'तू वावरात कशाला येतेस, अभ्यास कर' असं सांगितलं, तिला आपल्या गटाची चतुःसीमा ठाऊक नसते. मग हक्कसोडपत्रावर सही करताना आपण काय सोडतोय हे तिला कळत नाही. सोडायचं की ठेवायचं, तो तिचा निर्णय. पण बघून-समजून तरी घेऊ द्या. शेजारच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती, पण शिवाराचं पान न् पान त्यांनी वाचलं होतं. आज मुलींना अक्षर येतं आणि शिवार येत नाही. हे उलटं झालं.

आणि पाचवी गोष्ट. मालकाच्या पोरापेक्षा सालदाराच्या पोराला, भिल्ल वस्तीतल्या पोराला शिवार जास्त ठाऊक असतं. मार्कांच्या शाळेत मागच्या बाकावर बसणारं हे पोरगं या खेळात पुढे निघेल. गावाने त्याच्यासाठी टाळ्या वाजवाव्यात, असे प्रसंग एरवी किती येतात?

सुरुवात कशी करावी?

खर्चाचं भय नको. होकायंत्र फार महाग नसतं. एका गावाला पाच-सहा नग पुरतात, तिघांत एक. निशाणं घरच्या जुन्या पांढऱ्या आणि नारिंगी कापडाची शिवावीत. खूण उठवायला प्रत्येक निशाणाला दोरीने पेन्सिल बांधावी आणि पुठ्ठ्यावर एक अक्षर लिहून ठेवावं. पोराने ते अक्षर आपल्या कागदावर उतरवून आणायचं. सगळी अक्षरं जोडून एखाद्या पिकाचं नाव होत असेल तर बारक्यांना आणखी मजा.

पहिला आठवडा शाळेच्या मैदानातच घालवावा. आधी प्रत्येकाने आपलं पाऊल मोजावं. १०० मीटर दोरीने आखून घ्यावेत, चालत किती पावलं, पळत किती पावलं, हे वहीत लिहावं. मग होकायंत्र. ते तळहातावर आडवं धरायचं, लोखंडी फाटक, मोटारसायकल, विजेचा पंप, मोबाईल यांच्यापासून लांब, नाहीतर काटा खोटं बोलतो. मग नकाशा 'उत्तरेला लावायचा', म्हणजे नकाशावरची उत्तर आणि काट्याची उत्तर एका रेघेत आणायची. एवढं केलं की नकाशातली देवळाची खूण आणि समोरचं देऊळ एकाच बाजूला येतात आणि पोराच्या चेहऱ्यावर हसू उमटतं.

दुसऱ्या आठवड्यात गावात. नशिराबादसारख्या गावात काय कमी जागा आहेत? झिपरू अण्णा महाराजांच्या समाधीपासून सुरुवात करावी. मग पाण्याची टाकी, बाजारपेठ, शाळा, मशिदीचा चौक, जुना वड, असा सात-आठ ठिकाणांचा फेरा आखावा. महामार्ग ओलांडावा लागणार नाही आणि भादली स्टेशनच्या बाजूचा रेल्वेमार्ग मध्ये येणार नाही, एवढं बघावं.

शिवारात तिसऱ्या आठवड्यात जावं. नकाशासाठी तलाठ्यांकडे, म्हणजे आताच्या भाषेत ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, गावनकाशा बघायला मागावा. त्यावरचं प्रमाण नीट वाचावं. १:१०,००० असेल तर कागदावरचा एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे १०० मीटर. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा असेल तर एक सेंटीमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. जुन्या नकाशावर इंचाला किती साखळ्या ते लिहिलेलं असतं. त्यावरून मोठ्या कागदावर पोरांनी स्वतः नकाशा उतरवावा. पाणी निळ्या रंगाने, चढ-उतार तपकिरी, घरं-रस्ते-खडक काळ्या, दाट झाडी हिरव्या, मोकळी जमीन पिवळ्या. जगभर या खेळात हेच रंग चालतात. त्यात विहिरींची लाल खूण ही आपली भर.

शिकवणार कोण? माणसं गावातच आहेत. राष्ट्रीय छात्रसेनेच्या शिक्षणक्रमात नकाशावाचन असतं. बालवीर आणि वीरबालांना होकायंत्र शिकवतात. तेव्हा ज्या शाळेत एनसीसी किंवा स्काऊट आहे, तिथल्या शिक्षकांनी पुढं यावं. महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर गावात उतरतं, त्यांनी झाडझुडीबरोबर हेही एक काम घ्यावं. गावात सेवानिवृत्त फौजी असतो. बाराही महिने त्याला आपण झेंडावंदनापुरतं बोलावतो, त्याला या कामाला जुंपा. लष्करात नकाशा हा त्याचा रोजचा सोबती होता. आणि कोतवालाला विसरू नका. गावची शीव त्याच्याइतकी कोणाला ठाऊक आहे? म्हाताऱ्या माणसांना ओट्यावर बसवून नकाशा पुढे ठेवा आणि विचारा, 'आबा, या नाल्याला काय म्हणतात? त्या टेकाडाचं नाव काय?' वावरांची, नाल्यांची, झाडांची जुनी नावं कागदावर उतरतील. ही नावं सातबारावर नाहीत. आबा गेला की नावही गेलं.

पथ्यं पाळलीच पाहिजेत

शेतकरी म्हणतील, 'पोरं पिकात घुसतील, ठिबकच्या नळ्या तुडवतील, हरभरा उपटतील.' त्यांची शंका शंभर टक्के रास्त आहे. म्हणून पहिला नियम असा, की उभ्या पिकात आणि केळीच्या बागेत पाऊल टाकायचं नाही. वाट बांधाची, गाडरस्त्याची, नाल्याची, गायरानाची. पिकात घुसलेला गट तिथेच बाद. निशाण ज्याच्या बांधावर लावायचं, त्याला आदल्या दिवशी घरी जाऊन विचारायचं.

दुसरा नियम, एकट्याने जायचं नाही. तिघांचा गट, प्रत्येक गटाकडे शिट्टी आणि पाण्याची बाटली. तिसरा, विहिरीजवळ निशाण लावायचं नाही, आणि फेरा आखताना मोठ्या माणसाने आधी स्वतः चालून बघायचं. चौथा, काळ-वेळ. आपल्याकडचा एप्रिल-मे म्हणजे ४५ अंशांची भट्टी, पावसाळ्यात काळी माती पाय धरते आणि सापा-किरड्याचं भय. दिवाळीपासून होळीपर्यंतचे दिवस या खेळाचे, तेही सकाळचे. आणि शेवटचा नियम सगळ्यात मोठा. निघाली तेवढी पोरं मोजून परत आल्याशिवाय कोणीही घरी जायचं नाही, बक्षीस वाटायचं नाही. एक जरी कमी असलं, तर स्पर्धा तिथंच थांबली आणि सगळे शोधायला निघाले.

भरतीची पोरं ऐकतील का?

ऐकतील, जर त्यांचा फायदा दिसला तर. भरतीच्या १६०० मीटरसाठी सपाट धाव लागतेच, ती कोणी नाकारत नाही. त्यासाठी गावाने शाळेचं मैदान किंवा गायरानाचा एक पट्टा सपाट करून द्यावा, चुन्याने आखून द्यावा. हे काम लाखांचं नाही, ट्रॅक्टरच्या दोन दिवसांचं आहे. पण आठवड्यातून दोन दिवस याच पोरांनी रान धरलं तर चढ-उताराने दम वाढतो, घोटा पक्का होतो आणि नजर तयार होते. लष्करात गेलं तर नकाशा तिथे शिकावा लागणारच आहे, तो आधीच येईल.

आणि खरं सांगायचं तर भरतीला जाणाऱ्या सगळ्यांची निवड होत नाही. हे पोरांनाही माहीत असतं आणि आई-बापांनाही, पण कोणी बोलत नाही. ज्यांची निवड होत नाही, त्यांनी चार वर्षं रस्त्यावर पळून काय कमावलं? निदान आपल्या गावाचा नकाशा तरी डोक्यात बसलेला असेल. उद्या तोच पोरगा पंचायतीत बसेल, नगरपरिषदेत बसेल, पाणी वापर संस्थेत बसेल. तेव्हा अधिकाऱ्याने नकाशा पुढे केल्यावर तो 'साहेब म्हणतील तसं' असं म्हणणार नाही. तो बोट ठेवून सांगेल, 'साहेब, ही रेघ चुकली आहे. नाला इथून जातो. मी स्वतः चाललोय.' हे एक वाक्य बोलणारी पाच माणसं गावात असली, तर गावाचे किती पैसे आणि किती भांडणं वाचतील, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

नशिराबादला आता ग्रामपंचायत नाही, नगरपरिषद आहे. गाव वाढतंय, बिनशेती प्लॉट पडतायत, वावरांचे नंबर कॉलनीच्या नावाखाली झाकले जातायत. अशा गावात तर हे काम आजच व्हायला हवं. दहा वर्षांनी नाला कुठं होता हे विचाराल, तर दाखवायला कोणी उरणार नाही आणि पाणी मात्र आपली जुनी वाट विसरणार नाही.

येत्या २६ जानेवारीला झेंडावंदन होईल, भाषणं होतील, पोरांना चॉकलेटं वाटली जातील. त्यानंतर पोरं घरी जाऊन टीव्ही लावतील. त्याऐवजी यंदा तिघा-तिघांच्या हातात एक नकाशा द्या. सरपंचांनी, नगरसेवकांनी, पोलीस पाटलांनी, मुख्याध्यापकांनी आत्तापासून बसून ठरवावं. पहिल्या वर्षी चार गट निघाले तरी पुष्कळ झालं. बक्षीस म्हणून ढाल-तलवार नको. जिंकलेल्या गटाने उतरवलेला शिवाराचा नकाशा, त्यांची नावं खाली लिहून, पंचायतीच्या किंवा नगरपरिषदेच्या भिंतीवर लावा. मोजणीच्या दिवशी, नोटीस आल्यावर, पूर आल्यावर सगळं गाव त्या भिंतीपुढे उभं राहील. त्या वेळी कोणाला बोलवायचं हे त्याच कागदाखाली लिहिलेलं असेल.